मागच्या सीटवरची मधली जागा

अन्याय माझ्या आईवर झाला. गेल्या बुद्धपौर्णिमेला, भर दुपारी, नागपूरहून आमच्या गावी, मूलला, परत येताना, आमच्या जुन्या डिझेल गाडीच्या मागच्या सीटवर, मधोमध. दादा गाडी चालवत होता, त्याच्या शेजारी बाबा. मागे एका खिडकीत वहिनी, कारण तिला गाडी लागते. दुसऱ्या खिडकीत काका, कारण ते पाहुणे. उरली ती आईची जागा. मध्ये लोखंडी उंचवटा, त्याच्या दोन बाजूंना दोन पाय, मांडीवर सगळ्यांची पिशवी. गाडी घरी आली, मी तिचं मागचं दार उघडलं तर आईला उतरता येईना. कमरेखाली बधिर. धरून ओट्यावर बसवलं तेव्हा म्हणाली, "आता मी कोन्त्याच गाडीत बसनार नाई."

रुसवा असता तर चार दिवसांत गेला असता. पण आलापल्लीला तिची थोरली बहीण अर्धांगाने खाटेवर आहे. मावशीचं बोलणं जड झालंय, फोनवर कुणाला काही कळत नाही. समोर बसलं की आईला मात्र सगळं कळतं. आधी ती एसटीने जायची. आता कमरेमुळे एसटीच्या पायऱ्या बंद, आणि गाडीचं तिने स्वतःच बंद केलं. फोनवर नुसतं "येतो वं, येतो" म्हणायची आणि फोन ठेवून द्यायची.

दादा शाळामास्तर. त्याने जुनी गाडी काढून बॅटरीवरची घ्यायचं ठरवलं आणि मी मध्ये पडले. मी पत्रकं लिहिणारी. राइस मिलमधल्या बायांना बसायला बाक नाही म्हणून मी दोन पानी पत्रक काढलं होतं. घरच्या बाईच्या बसायच्या जागेवर गप्प राहणार होते का? मोबाईलवर गाड्यांची परीक्षणं पाहिली. जो तो स्टेअरिंग धरून बसलेला, किती सेकंदांत किती वेग ते सांगतोय. "फॅमिली क्रॉसओव्हर" म्हणतात; म्हणजे ना धड कार, ना धड जीप, थोडी उंच, पाच जणांची. पाच जणांची! पण एकही बाप्या मागे मधोमध जाऊन बसला नाही. मग ते परीक्षण कसलं?

चंद्रपूरला तीन शोरूम बघायच्या होत्या. समोर बसायच्या अटीवर आई जुन्या गाडीत यायला कबूल झाली; वहिनी आणि मी मागे, आणि मधोमध कुणी बसायला नको म्हणून बाबांना एसटीने पाठवलं. बाबा कुरकुरले, पण गेले.

पहिली गाडी मूळची पेट्रोलची, त्यातच बॅटरी घातलेली. मागचं दार उघडलं तर मधला उंचवटा जिथल्या तिथे. इंजिन गेलं, सायलेन्सर गेला, उंचवटा कशाला ठेवला? विकणारा पोरगा म्हणाला, "काकू, पाहा ना, केवढी मोठी स्क्रीन हाय."

"टीवी घरी हाये," आई म्हणाली, आणि आम्ही निघालो.

दुसरी दिसायला राणी. काचेचं छत, तळ सपाट. बाबा खूश. पण बॅटरी खाली असल्यामुळे तळ उंच आणि सीट बुटकी. आई बसली तर गुडघे छातीशी, मांड्या अधांतरी.

"कशी वाटते?" बाबांनी विचारलं.

"वावरात निंदाले उकिडवी बसल्यासारखी," आई म्हणाली. "आन् हे काच काऊन लावली वरतं? चंद्रपूरचं ऊन मोफत भेटत नाई का?"

तिसऱ्या गाडीचं मात्र मी मनापासून कौतुक करते, आणि कौतुक करताना मला लाज वाटत नाही. दार रुंद उघडतं. सीट बरोबर कमरेच्या उंचीला, त्यामुळे लुगडं न ओढता बाई नुसती टेकते आणि सरकते. तळ अंगणासारखा सपाट. मधली जागा फुगीर नाही, तिला स्वतःचा डोकं टेकायचा आधार आणि खांद्यावरून येणारा पूर्ण पट्टा. मांडीखाली गादी गुडघ्यापर्यंत पोचते. मागच्यांसाठी थंड हवेची वेगळी जाळी. ज्याने ही गाडी आखली, त्याच्या घरी कुणीतरी मागे मधोमध बसत असलं पाहिजे.

मी सांगितलं, चक्कर मारायची तर पाचही जण बसून. दादा पुढे, बाबा त्याच्या शेजारी, मागे आम्ही तिघी, आई मध्ये. बल्लारपूरच्या रस्त्याला लागलो. इंजिनाचा आवाजच नाही. बाबा पुढून पुटपुटले, "ते काचवाली बरी होती," आणि ते आईला मागे स्वच्छ ऐकू आलं.

"मले ऐकू येते बरं!" ती म्हणाली. आमच्या गाडीत असं कधी झालं नव्हतं. मागच्यांनी ओरडायचं आणि पुढच्यांनी "हं" म्हणायचं, हीच रीत.

थोड्या वेळाने पाहते तर आईने एक पाय वर घेऊन अर्धी मांडी घातलेली. घरात बसते तशी. वहिनीचा गुडघा कुठे अडला नाही, माझाही नाही. परत आलो, आई उतरली ती अनवाणी.

"चप्पल कुठी गेली वं तुही?" बाबा म्हणाले.

चप्पल शोरूमच्या दारात होती. चढताना तिने ती काढून ठेवली होती, आणि तशीच आम्ही गाडी घेऊन गेलो होतो. शोरूमचा पोरगा हसू दाबत चप्पल उचलायला वाकला, तर आईने त्याला अडवलं. "राहू दे रे बाबू. घर वाटलं म्हनून काढली."

गाडी तीच घेतली. बाबा दोन दिवस काचेच्या छताबद्दल बोलत राहिले, मग थांबले.

आलापल्लीला निघायच्या दिवशी आई सवयीने मागे मधोमध चढायला लागली. मी दार धरून उभी राहिले. म्हटलं, "आई समोर. बाबा मध्ये."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "मी?"

"काऊन, जागा बरी नाई का?" आईने विचारलं.

बाबा बसले. आष्टीच्या पुढे रस्ता सूरजागडच्या खाणीतल्या लोहखनिजाच्या ट्रकांनी खाऊन टाकलेला. त्या रस्त्यावर मी वेगळं लिहिणार आहे. काचा बंद, बाहेर तांबडी धूळ, खड्डे जाणवले. जाणवणारच, गाडी आहे, जादू नाही. पण बाबांनी पाय पसरले आणि आलापल्लीच्या सागवनाच्या अलीकडे चक्क झोपले. डिकीत मावशीसाठी तांदळाचं पोतं आडवं मावलं होतं, सामान वेगळं.

मावशीच्या दारात आई कुणाचा हात न धरता उतरली. सरळ आत गेली, खाटेच्या कडेला बसली. मावशी तोंड वाकडं करून काहीतरी म्हणाली. आम्हाला कळलं नाही.

आई हसली. "म्हन्ते, मले वाटलं तू मेलीस."

दुपारभर दोघी बोलत होत्या. मावशी बोलायची, आई आम्हाला सांगायची, मग सांगायचंच विसरायची. आता ती दर महिन्याला जाते.

तुम्ही गाडी घ्यायला निघाला असाल तर स्टेअरिंग सोडा. तुमच्या घरात मधोमध कोण बसतं ते तुम्हाला माहीत आहे. तिला सोबत न्या, तिला तिथेच बसवा, पाच जण भरून खराब रस्त्यावर फिरवा, आणि ती हो म्हणेपर्यंत सही करू नका. आणि तुम्ही पुरुष असाल तर परत येताना त्या जागेवर तुम्ही बसा.