तीनशे सत्तेचाळीस नंबरचा डबा

या सदरातले अनुभव मी नेमानं वाचते, पण खरं सांगू का... जरा हसतच वाचते. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी. अंगात येणं, बाहेरचं लागणं, उतारे-बितारे — यांना आमच्या घरात कधी थारा नव्हता. बाबा रेल्वेत होते, तेही या बाबतीत पक्के. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटून राहिली आहे. पण आता बाबा नाहीत, माय नाही. जे घडलं ते सगळं शेवटपर्यंत पाहिलेली मी एकटीच उरले. म्हणून लिहून टाकते.

आमचं गाव सानगडी, साकोली तालुका, जिल्हा भंडारा. बाबा — महादेवराव — गोंदियाला छोट्या लाइनीच्या शेडमध्ये पेंटर होते. छोटी लाइन म्हणजे गोंदियाहून सौंदड, अर्जुनी, वडसा करत चांद्याकडे जाणारी नॅरोगेज. तिचे डबे आतून-बाहेरून रंगवायचे, त्यांच्यावर नंबर टाकायचे, हे बाबांचं काम. सारा जन्म त्यातच गेला.

आम्ही दोघी बहिणी. कुसुम मोठी, मी शांता धाकटी. कुसुमचं लग्न १९७३ मध्ये वडशाजवळच्या एका गावी झालं. दोन वर्षांनी ती एकटीच माहेरी आली. महिनाभर राहिली आणि एक दिवस मायला म्हणाली, मी आता परत जात नाही. कारण सांगितलं नाही. पण डोक्यावरून पाणी घालताना मायनं तिची पाठ पाहिली होती, आणि जे पाहिलं ते बाबांच्या कानावर घातलं होतं.

बाबा म्हणाले, "सगळ्याइच्या घरी होते थोडंफार. घरी बसवून ठेवलं तर लोक काय म्हणतीन?"

त्यांनी स्वतःच तिला सौंदड स्टेशनवर नेलं, वडशाच्या गाडीत बसवलं. गोंदियाकडे जाणारी गाडी समोरच उभी होती आणि बाबांना ड्युटी गाठायची होती. ते तिच्यात जाऊन बसले. मी तेव्हा भंडाऱ्याला होस्टेलमध्ये होते. मला हे सगळं नंतर कळलं.

सहा महिन्यांनी तार आली. तापानं गेली, असं सासरचे म्हणाले. आम्ही पोचलो तोवर सगळं उरकलेलं होतं...

त्यानंतर आठ वर्षं बाबांच्या तोंडून कुसुमचं नाव आलं नाही. कोणी घेतलं तर ते उठून बाहेर जात. लोकांना वाटे, कठोर माणूस. मला वाटतं, तिचं नाव घ्यायचा आपल्याला हक्क उरला नाही असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. माय जेवायला वाढायची, पाणी द्यायची, पण त्यांच्याशी बोलणं असं राहिलंच नव्हतं.

आता मूळ गोष्ट. १९८३ ची दिवाळी. बाबा रिटायर होऊन घरीच होते. डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा हात थरथरायचा. सगळा दिवस ओसरीवर बसून राहायचे. माझा चुलतभाऊ प्रकाश तेव्हा जहाजावर नोकरीला होता. सुट्टीवर आला तेव्हा त्यानं बाबांसाठी एक खोका आणला. त्यात रेल्वेच्या डब्याचे प्लॅस्टिकचे सुटे भाग होते — बाजू, छप्पर, बाकं, चाकं, खिडक्यांच्या चौकटी. सोबत गोंदाची ट्यूब आणि एक चित्रांचा कागद. सगळं जोडलं की वीतभर लांबीचा डबा तयार होणार.

"काका, आता बिनड्युटीचा डबा रंगवा," प्रकाश म्हणाला.

मला वाटलं, बाबा खोका कोपऱ्यात ठेवून देतील. पण त्यांनी एक बाजू हातात घेतली, फळ्यांच्या बारीक खाचांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "बनवणाऱ्यानं डबा पाहून बनवला हाय बरं. अंदाजानं नाही."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं बसलो. मला सुट्टीच होती. बाबा सांगणार, मी करणार. एकेक भाग ब्लेडनं कापून घ्यायचा, कडा घासायची, गोंदाचा थेंब सुईच्या टोकानं लावायचा, वाळेपर्यंत दाबून धरायचं. मी घाई केली की ओरडा बसायचा — "डबा हाय तो, भाकर नाही थापून राहिली तू!" कित्येक वर्षांत बाबांना मी एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. माय स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची, पाहायची, परत जायची.

खोक्यावरच्या चित्रातला डबा चॉकलेटी आणि पिवळट होता. बाबांनी तो रंग साफ नाकारला. "आपल्या लाइनीचा मरून रंग मारायचा." साकोलीहून इनॅमल रंगाचे लहान डबे आणले. मरूनमध्ये चिमूटभर काळा मिसळून त्यांनी हवा तो रंग अंदाजानंच जमवला, डोळे अधू असून! आतून क्रीम, बाहेरून मरून. रंगाचा प्रत्येक हात वाळायला एकेक दिवस. धूळ बसू नये म्हणून वर टोपलं पालथं घालायचं.

सगळ्यात शेवटी नंबर. तीळभर उंचीचे पांढरे आकडे, तेही शून्य नंबरच्या ब्रशनं. बाबांचा हात थरथरत असल्यानं ते काम माझ्याकडे आलं.

"दोनशे बारा लिही," बाबा म्हणाले. नोकरीत त्यांनी पहिल्यांदा नंबर टाकलेला डबा तो होता.

सकाळचे दहा वाजले असतील. ओसरीवर लख्ख ऊन. मी श्वास रोखून आकडे काढले, डबा बाबांच्या डोळ्यांजवळ धरला. त्यांनी भिंग लावून पाहिलं.

"हा कोणता नंबर लिवला तू?"

मी पाहिलं. ३४७.

मी हसले. म्हटलं, लक्ष नसेल माझं. टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसून काढला, पुन्हा लिहिला. लिहिताना मला दोन, एक, दोन दिसत होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. ब्रश धुवायला वळले आणि परत पाहिलं तर... ३४७.

 खोक्यात छापील नंबरांचा एक कागद होता, तो आधी तपासला. डोळ्यासमोर असलेला आकडा हातातून उतरतो कधीकधी. पण त्या कागदावर ३४७ नव्हता. मग मी तिसऱ्यांदा बसले. या वेळी मोठ्यानं म्हणत लिहिलं — "दोन... एक... दोन." बाबा शेजारी बसून ऐकत होते. प्रकाशही तिथंच उभा होता. लिहून झालं आणि प्रकाशच म्हणाला, "ताई, तू बोलून राहिली वेगळं अन् लिवून राहिली वेगळं..."

तिथं पुन्हा तीन, चार, सात. आकडे अगदी सुबक. माझं अक्षर एवढं चांगलं कधीच नव्हतं.

मी पुन्हा बोळा उचलला तसं बाबांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे." मग म्हणाले, "हा नंबर आपल्याच लाइनीवरचा असंन. पाहून येऊ."

"कायले, बाबा? किती नंबर तुम्ही स्वतः लिवले. त्यातला एखादा मी कधी तरी ऐकला असंन."

"असंन," ते म्हणाले. "पण पाहून येऊ."

म्हाताऱ्या माणसाचं समाधान म्हणून मी निघाले. एसटीनं साकोली, तिथून सौंदड. पहिल्या दिवशी वडशाकडची गाडी आली, आम्ही सगळे डबे वाचले, ३४७ नव्हता. दुसऱ्या दिवशीही नव्हता. स्टेशनवर रूळ बदलणारे एक जुने पॉइंट्समन बाबांच्या ओळखीचे होते. ते म्हणाले, "तीनशे सत्तेचाळीस? हाय ना, महादेवराव. परवा गेला होता इकडून. येईन फिरून."

म्हणजे असा डबा होता तर! मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी आली तेव्हा इंजिनाच्या मागून तिसऱ्या डब्यावर तो नंबर होता. बाबांना दिसला नाही, मी सांगितला. त्यांनी खिशातून वडशाची दोन तिकिटं काढली. ती त्यांनी कधी घेतली, मला पत्ताही नव्हता.

"बाबा, आपण फक्त पाहायला आलो होतो ना?"

"चढ," ते म्हणाले.

डब्यात गर्दी नव्हती. गाडी सुटली. बाबा कोणत्याही खिडकीपाशी बसले नाहीत. त्यांनी दांड्याला धरून एकेका खिडकीच्या चौकटीवर तळवा फिरवायला सुरुवात केली. रंगाचा हात नीट बसला की नाही, हे पेंटर असंच पाहतात. मला वाटलं, जुनी सवय. पलीकडच्या बाजूच्या एका खिडकीशी त्यांचा हात थांबला. बोटं मागं गेली, पुन्हा पुढं आली.

"शांते... इथं काही कोरलं हाय. मले दिसत नाही. तू वाच बरं."

मी वाकून पाहिलं. खिडकीखालच्या फळीवर, क्रीम रंगाच्या दोन-तीन हातांखाली अक्षरं होती. पिननं कोरली असावीत. रंग खाचांत भरला होता, पण वाचता येत होतं.

मी अक्षरांवरून बोट फिरवलं. बाबा म्हणाले, "वाच ना!"

"कुसुम महादेव," मी वाचलं. "सानगडी."

लग्न होऊन दोन वर्षं झालेली बाई. तिनं ना नवऱ्याचं नाव लिहिलं, ना सासरचं गाव.

बाबा समोरच्या बाकावर बसले.  मग त्या फळीकडे बोट करून म्हणाले, "आतला हा रंग... आमच्याच शेडचा हाय. माह्याच हातचा असंन." त्यांनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. "तिच्या नावावरून ब्रश फिरवला मी, शांते. पाहिलं नाही. मी पाहिलंच नाही..."

त्यांना असं रडताना मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. तार आली त्या दिवशीही नाही.

अर्जुनीला लोक चढले. एक बाई, कडेवर लेकरू, हातात गाठोडं. त्या खिडकीजवळची जागा रिकामीच होती. आम्ही दोघं समोर बसलो होतो. तिनं विचारलं, "इथं कोणी हाय का, बुवा?"

बाबा म्हणाले, "हाय. माही पोरगी बसली हाय. कुसुम."

त्या बाईनं रिकाम्या बाकाकडे पाहिलं, बाबांच्या डोळ्यांकडे पाहिलं.  मी उठून तिला माझी जागा दिली आणि वडशापर्यंत उभी राहिले. लेकरू त्या खिडकीकडे हात करायचं तर ती हलकेच त्याचा हात धरायची.

बाबा त्यानंतर दीडेक वर्षच जगले. घरात कुसुमचं नाव मात्र पुन्हा सुरू झालं. तिला काय आवडायचं, लहानपणी ती कशी तळ्यात पडली होती... हे आधी बाबाच बोलू लागले.

आता तुम्ही म्हणाल, बाबांनी कुसुमला बसवलं त्या दिवशी सौंदडला डब्याचा नंबर पाहिला असेल. पेंटरच ते, नजर जाणारच. मीही स्वतःची तशीच समजूत घालते. पण ब्रश बाबांच्या हातात नव्हता, माझ्या हातात होता. आणि मी त्या दिवशी भंडाऱ्याला होते. बाबा तर माझ्या कानात दोनशे बारा सांगत होते. प्रकाशला नंतर मी कितीदा विचारलं. तो म्हणतो, ताई, मी जे पाहिलं ते पाहिलं. प्लॅस्टिकचा तो डबा आजही माझ्या कपाटात आहे. भिंगातून कितीदा न्याहाळला. उत्तर काही सापडलं नाही, आणि सापडेल असं आता वाटतही नाही.

त्या दिवशी वडशाहून परतायला आम्हाला दिवेलागण झाली. माय ओसरीतच बसून होती. बाबांनी तू सांग अशी मला खूण केली. मग मीच सगळं सांगितलं. माय शाळेत गेलेली नव्हती. कुसुमनं तिला सही करण्यापुरतं शिकवलं होतं, तेवढंच. ऐकून ती रडली नाही. पदरानं हात पुसत राहिली. नंतर एकच गोष्ट विचारली —

"अक्षर कसं होतं वं तिचं?"

"छान होतं, माय," मी म्हणाले. "एकदम सुंदर."

खरं तर वेडंवाकडं होतं. गाडी सुटल्यावर तिनं लिहिलं असावं. दर अक्षराला हिसका बसला होता.