शाळेशेजारचं खोकं

फजिती सगळ्यांचीच होते हो. पण आयुष्यभर शिकवलेल्या विषयात, तीही हातात माइक धरून, कुणाची झालेली ऐकलीय? मग चहा घ्या आणि ऐका.

मी जन्मभर आर्किटेक्चर कॉलेजात जुन्या इमारतींबद्दल शिकवलं. डॉक्टरेटही त्यातच. तरी अजून कुणी मत विचारलं की आधी चुकायचीच भीती वाटते.

गेल्या वर्षी बाळारामचा फोन आला. हा माझा शाळासोबती, भिवंडीजवळच्या पूर्णे गावचा. आता गोदामांचा मालक आणि आमच्या भिवंडीच्या शाळेच्या समितीवर.

"मास्तर, शालेला नवी इमारत जोडली. आता जुनी पाडाची म्हंतात. माजा कोन आयकत न्हाय. तू शिकलेला हायस, सभेत येऊन सांग."

"आणि मी काही चुकीचं बोललो तर?"

"आरं, आपलीच शाला हाय. तिच्यात काय चुकशील?"

सभेच्या दिवशी वाटेत अंजूरफाट्याला कंटेनरांमागे अडकलो. पोचलो तोवर पटांगणात सभा सुरू झालेली. डावीकडे काळा दगड, कमानी, कौलं, लाकडी खिडक्या. उजवीकडे पिवळट रंगाचं, वर पत्रे ठोकलेलं, ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं एक खोकं.

मी थेट काळ्या भिंतीला हात लावला. चौथीचा वर्ग डोळ्यांपुढे आला. ओल्या पाट्यांचा वास, गल्लीतल्या यंत्रमागांची खडखड, त्यावर आवाज चढवून पाढे म्हणून घेणाऱ्या बाई. डोळे भरून आले. तशातच माइक घेतला.

"हे दगड आमच्या बालपणाचे साक्षीदार आहेत. यांना धक्का लावू नका. आणि शेजारचं ते खोकं? ते खुशाल उद्या पाडा."

पहिल्या रांगेतून टाळ्यांचा कडकडाट. मला वाटलं, जिंकलो. बाळाराम मात्र डोकं धरून बसलेला.

"काय केलंस रं?" तो कानाशी येऊन म्हणाला. "ती काली इमारत नवी हाय. सिमेंटवर दगडाच्या फरश्या चिकटवल्यान. खोका हाय ना, ती आपली शाला. पानी गलाचा म्हून पत्रा टाकला नि गिलावा केला."

मी तसाच खोक्याकडे गेलो. खिडकी ॲल्युमिनियमची, पण भिंत हातभर जाड. याच खिडकीच्या कट्ट्यावर बसून आम्ही दोघं डबा खायचो. बसून पाहिलं. गुडघे कुरकुरले, पण पाठीला तोच गारवा लागला. बाळाराम शेजारी येऊन टेकला.

तिथूनच माइक मागवला. "मंडळी, मघाशी मी जिला खोकं म्हणालो, ती आमची शाळा आहे. मला हवं तेवढं हसा, पण तिला पाडू नका."

सभा पोट धरून हसली. आणि त्या हसण्यातच हात वर झाले. जुनी इमारत वाचली.

मी घाम पुसत होतो, तेवढ्यात नव्या इमारतीची आर्किटेक्ट येऊन पाया पडली.

"सर, मी तुमचीच विद्यार्थिनी. अशाच डिझाइनवर तुम्ही मला नापास केलं होतं."

"का बरं?"

"म्हणाला होतात, जुन्याची असली नक्कल शाळकरी पोरसुद्धा ओळखेल."