दार रस्त्याकडे

आमच्या आर्किटेक्ट साहेबांनी कागदावर काढलेला हॉल टेकडीत इतका बेमालूम बसला होता की रस्त्यावरून तो दिसतच नव्हता, आणि त्याचंच त्यांना भारी कौतुक. छप्पर उताराला धरून, भिंती टेकडीच्याच काळ्या दगडाच्या, आणि दार मागं, गल्लीत. मी त्यांच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन. हॉल आमच्याच वस्तीचा, शिवडीच्या चाळींतल्या, नुकत्याच बौद्ध झालेल्या माणसांचा. म्हणून नकाशाचं काम मी हौसेनं मागून घेतलं होतं.

रविवारी नकाशा घरी नेऊन आईला दाखवला. आई माटुंग्याच्या एका इमारतीत मोऱ्या धुवायची. तिथं तिला चढायला-उतरायला मागचा लोखंडी जिना होता, पुढच्या जिन्यावर पाय ठेवायचा नाही. तिनं कागदावर बोट फिरवत दार कुठंय विचारलं. मी दाखवलं.

"मागनं? मग मी नाय येणार तुमच्या हॉलात. मागल्या दारानं शिरण्यात जन्म गेला माझा."

माझं डोकंच फिरलं. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात आमची माणसं पुढं हवीत, लाठ्या खायला पुढं हवीत, आणि आम्ही पोटाला चिमटा घेऊन चार भिंती उभ्या करायच्या तर त्या झाकून? टेकडीची शोभा जाते, म्हणतात साहेब! सुरुंग लावून निम्मी टेकडी खडीसाठी फोडली, तेव्हा कुठं होती यांची शोभा?

सोमवारी साहेबांना सांगितलं, दगड तोच राहू द्या, उतारही राहू द्या, दार तेवढं रस्त्यावर घ्या. चांगली इमारत नजरेत भरत नसते, असं त्यांनी मला लहान पोराला समजवावं तसं समजावलं. भरू दे की एकदाची, मी म्हणालो. शेवटी वस्तीची कमिटीच ऑफिसात येऊन बसली, आईसकट, तेव्हा कुठं दार फिरलं. साहेब उद्घाटनाला आले नाहीत. नाही आले तर नाही, आमचं काय अडलं?

दारापर्यंत काळ्या दगडाच्या रुंद पायऱ्या झाल्या. उद्घाटनाच्या दिवशी आई गुडघ्यावर हात टेकत त्या चढली आणि उंबऱ्यावरच बसली. लोक तिला वळसा घालून आत जात होते. आत चल म्हटलं, तर म्हणाली, "बसू दे रे इथंच."

भाषणं संपेपर्यंत ती रस्त्याकडे तोंड करून तिथंच बसून होती.