मधल्या जागेतला संवेग

मी शिकवतो त्या क्लासमधले फिजिक्सचे दुसरे सर म्हणजे चालतं-बोलतं नाटक! शहागंजात चहाला बसलो की माझाही ग्लास ओढून घ्यायचे, दोन्ही ग्लास टेबलावर सरकवायचे आणि हॉटेलभर ऐकू जाईल असं विचारायचे, "हे दोन धावते विद्युतप्रभार. एकमेकांना ढकलताना दोघांचा मिळून संवेग कमी भरला. कुठं गेला? सांगा लवकर, चहा थंड व्हायलाय!"

मी मुद्दाम म्हणायचो, "उंदरानं नेला."

"मधल्या विद्युतचुंबकीय क्षेत्रात हाय! ऊर्जाबी तिथंच. दिसत नाय म्हणून नाय म्हणायचं नाय!"

गेल्या महिन्यात क्लासच्या चाचणीत हाच प्रश्न आला. एका मुलीनं क्षेत्राचा संवेगही धरला. छापील उत्तरात तो नव्हता, म्हणून तिला शून्य मिळालं. सरांनी भरवर्गात छापील उत्तर लाल पेनानं खोडलं आणि तिला पूर्ण गुण दिले.

संचालकांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. "सर, ही उत्तरं मी छापलीत. चूक कबूल केली तर पालक काय म्हणतील?"

सर माझ्याकडे वळले. "तुम्हीबी फिजिक्सचेच. सांगा यांना, पोरगी बरोबर हाय का नाय?"

जन्मभर तोंडाला कुलूप नसलेला मी म्हणालो, "बघून सांगावं लागेल."

सर मोठ्यानं हसले आणि क्लास सोडून गेले, ते कायमचेच.

त्यांची बॅच आता माझ्याकडे आहे. परवा तोच प्रश्न पुन्हा आला. त्या मुलीनं या वेळी छापील उत्तर लिहिलं, आणि मी त्यावर बरोबरची खूण केली.