वसतिगृहाचं कुलूप आणि साहेबांचं भाषण

वीस वर्षं सभांना माइक लावतोय. किस्से इतके साठलेत की सांगायला बसलो तर सतरंज्या गुंडाळायच्या राहून जातील! नेता स्टेजवर, मी खाली मशीनजवळ. त्यामुळं मला ऐकणाऱ्यांची तोंडंच जास्त दिसतात.

*

आमच्या भागातल्या साहेबांच्या सगळ्या सभा माझ्याकडं. एकदा पालीत गरजले, "या कोरड्या गावात मी पाणी आणून दाखवीन!"

एक म्हातारा उठला. "साहेब, जरा मागं वळून बघा. धरण हाय त्ये!"

भाषण दुसऱ्याच गावासाठी लिहिलेलं! तेव्हापासून स्टेजवर चढण्याआधी साहेब मला विचारतात, "काय रे, इथं काय चालतंय?"

*

नेकनूरला बाजाराचा दिवस. मी बजावलं, "दहा मिनिटांत आटपा, एसटीची वेळ हाय."

साहेब ऐकतात होय! निजाम झाला, रझाकार आले, अन् तेवढ्यात हॉर्न वाजला. सगळं मैदान उठून पळालं.

साहेब खूश. "बघितलंस? इतिहास सांगितला की लोक पेटून उठतात!"

"उठले साहेब. पण एसटीसाठी!"

*

दिवाळीनंतर चकलांब्याला गेलो. विषय होता, 'तरुणांनो, उठा!' समोर नुसती म्हातारी माणसं.

एक आजी म्हणाली, "तरणी समदी ऊस तोडाया गेलीत. आमी उठतो बाबा, पण हात द्यावा लागंल!"

साहेब माझ्यावरच चिडले. "आधी का नाही सांगितलंस?"

मलाही राग आला. या दिवसांत गावात कोण नसतं, हे यांना माइकवाल्यानं सांगायचं?

*

माझा थोरला भाऊ अन् कौसावहिनी दरवर्षी ऊसतोडीला जातात. गेल्या वर्षी त्यांच्या आठवीतल्या लेकीला, स्वातीलाही शाळा सोडून सोबत जावं लागलं. तोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठी आमच्या शाळेत वसतिगृह बांधून तयार आहे. पण उद्‌घाटन नाही म्हणून कुलूप!

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला साहेब आमच्या गावात येतात. तीन वर्षं एकच भाषण अन् एकच टाळ्या.

यंदा आदल्या दिवशी वहिनी माझ्याकडून त्या भाषणाचं रेकॉर्डिंग मागून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "इथं काय चालतंय?"

मी म्हणालो, "गेल्या वर्षीचंच, साहेब. लई चालतंय!"

*

साहेबांनी सुरुवात केली, "निजामाच्या तावडीतून..."

सतरंजीवरच्या बाया एका सुरात म्हणाल्या, "हा मुलूख सुटला!"

साहेब खुलले. "आता आपल्या लेकीबाळी..."

"उसाच्या फडातून सुटल्या पाहिजेत!"

साहेबांचं हसू मावळलं. हे भाषणात नव्हतंच; ते माझ्याकडं बघायला लागले.

वहिनी म्हणाली, "कावून थांबलात? म्हणा की! वसतिगृहाचं कुलूप उघडेपर्यंत..."

सगळ्या बाया उभ्या राहिल्या. "आमी बसणार न्हाई!"

वहिनी स्वातीचा हात धरून स्टेजवर गेली अन् तिनं साहेबांपुढं तळहात पसरला. "किल्ली द्या."

"किल्ली तालुक्याला आहे, ताई. उद्‌घाटन झालं की..."

"मंग मागवून घ्या. तवर तुमचं भाषण आमी करतो." तिनं साहेबांच्या हातातून माइक घेतला.

साहेब मला खुणावत होते, बंद कर, बंद कर!

वहिनीनंही माझ्याकडं बघितलं. "भाऊजी, आवाज वाढवा!"

मी वाढवला. अन् बायांनी पहिल्यापासून सुरू केलं, "निजामाच्या तावडीतून..."