शेवटच्या कडव्यातलं नाव

फणसवाडीत गाऊन झालं की अर्धा चहा टाकून आमचा शाहीर भोईवाड्याच्या चाळींकडे सुटायचा. "चल रे, डफ थंड पडतोय!" मी त्याच्यामागे ध्रुवपदाला झील धरायचो. गाणी तोच रचायचा, त्यामुळे शेवटच्या कडव्यात रिवाजाप्रमाणे त्याचं नाव यायचं. तिथे डफ दुप्पट जोरात वाजायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात कॉटन ग्रीनचा एक तरुण गिरणी कामगार गोळीने गेला. त्याच्या चाळीत गाताना आमच्या शाहिराने शेवटी स्वतःऐवजी त्या पोराचं नाव घेतलं. वर गॅलरीतून त्याची आई म्हणाली, "परत म्हण रे, बाबा." पुढे प्रत्येक चाळीत तेच नाव.

लालबागला एक म्हातारा शाहिराच्याच खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "त्या पोराने काय गाणं रचलंय रे!"

"मोठा शाहीर होता तो," हा म्हणाला आणि माझ्याकडे न बघता डफ उचलून चालू लागला.