नावापुढे काय लावता?

शाळेतल्या जुन्या उत्तरपत्रिका न्यायला वर्षातून एकदा रद्दीवाला तरी येतो. किस्से न्यायला कोणी येत नाही! बावीस वर्षं झाली मला जबलपुरात, अधारतालच्या एका प्रायव्हेट शाळेत विज्ञान शिकवून राहिले. डोकं नुसतं भरून गेलंय. स्टाफरूममधले म्हणतात, "नेरकर मॅडम किस्से मस्त सांगतात." अरे, मस्त कशाचे? सांगताना माझं डोकं तापलेलं असतं आणि तुम्ही दात काढता! बरं, काढा. पण ऐका.

* * *

पहिला माझाच. लग्न होऊन अमरावतीहून इथं आले, नोकरी लागली. पहिल्याच दिवशी ऑफिसातले बडे बाबू रजिस्टर उघडून म्हणाले, "मैडम, आप क्या लगाती हैं?"

मला वाटलं, केसांचं विचारून राहिले. तेव्हा माझी वेणी होती चांगली कमरेपर्यंत. म्हटलं, "नारियल तेल."

अख्खं ऑफिस हसलं! मग संस्कृतच्या बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं, अगं, आडनाव विचारलं. इकडे नावापुढे काय 'लावता' असंच विचारतात.

सांगितलं, नेरकर. बाबूंच्या चेहऱ्यावर काही उजेड पडेना. "नेरकर... मतलब? पंडित? ठाकुर? क्या?"

म्हटलं, मतलब नेर गावचे. तरी त्यांचं समाधान नाही. तेव्हा माझी ट्यूब पेटली. बाईला कुणाच्या डब्याशेजारी बसवायचं, एवढंच त्यांना ठरवायचं होतं. मीही तेव्हा गप्प बसले, नवी होते ना! त्याचा राग अजून येतो.

* * *

यंदा जूनमध्ये अंजली आली, गणिताची. मझौलीची पोरगी. बीजगणित असं शिकवते की मागच्या बेंचवरचे पुढे येऊन बसतात. ऑर्डरवर नाव 'अंजली कुमारी', बस्स. पुढे काही नाही.

बडे बाबू अजून तेच. त्यांच्या पोटात दुखायला लागलं. "आगे क्या लगाती हैं?"

"कुछ नहीं, सर."

"पिताजी क्या लगाते हैं?"

"कुमार."

बाबू काही सोडेनात. "अच्छा, दादाजी? दादाजी तो कुछ लगाते होंगे?"

"दादाजी अंगूठा लगाते थे, सर. मैं साइन करती हूँ." आणि तिनं शांतपणे पेन मागितलं.

मी मनात म्हटलं, शाब्बास गं पोरी! पण बाबूंनी त्या दिवसापासून तिच्यावर डूख धरला. मझौलीहून बसनं यायचं म्हणजे दीड तास, आणि बस काय तिच्या मामाची आहे? ऑगस्टपर्यंत दोन लेट मार्क लागले. प्रिन्सिपलनी बोलावून सांगितलं, चार झाले की पुढच्या सत्रात येऊ नका. घरी आई आणि कॉलेजातली बहीण, दोघी हिच्याच पगारावर. तिला शाळेजवळ खोली हवी होती, आणि लवकर हवी होती. मी म्हटलं, चल, मी येते सोबत.

* * *

तेवढ्यात स्टाफचा व्हाट्सअप ग्रुप फुटला. निवडणुका नव्हत्या, काही नव्हतं! एका सरांनी काहीतरी फॉरवर्ड केलं, दुसऱ्यांनी खाली 'शर्म करो' लिहिलं, पीटीचे सर मध्ये पडले आणि दोघांच्याही शिव्या खाऊन बसले. दोन ग्रुप झाले. एक 'स्टाफ परिवार', दुसरा 'असली स्टाफ परिवार'. स्टाफरूममधला पंखासुद्धा कोणी लावायचा यावर रुसवे!

अंजलीला कोणीच घेतलं नाही. यांना वाटलं ती त्यांची, त्यांना वाटलं ती यांची. मग एका शनिवारी पालकसभा ठरली, सगळ्यांनी तासभर आधी यायचं. निरोप दोन्ही ग्रुपवर गेला. अंजली बिचारी रोजच्या वेळेला आली.

मी भांडायला गेले. म्हटलं, निरोपच नाही तर तिचा काय दोष? दोन्हीकडचे पुढारी खांद्याला खांदा लावून उभे! ग्रुप फुटल्यापासून दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, लेट मार्क बरोबर आहे.

तीन झाले.

* * *

खोल्यांचं काय सांगू! चार ठिकाणी नाव विचारलं आणि खोली "अभी-अभी" गेली. पाचव्या घरचा मालक मोठा सज्जन. पाणी दिलं, पंखा लावला. "देखिए मैडम, हम तो ये सब नहीं मानते. पर ऊपर जो किरायेदार हैं ना, वो मानते हैं."

म्हटलं, चलो, वरच्यांशी बोलते. चढले जिना. वरची बाई म्हणाली, "अरे नहीं दीदी! हम तो बिल्कुल नहीं मानते. सामने वाले वकील साहब को दिक्कत होगी."

गेले वकिलाकडे. वकील तर भडकलाच. "मैं? मैं संविधान पढ़ा हुआ आदमी हूँ! कोने वाली अम्माजी से पूछिए, पुराने ज़माने की हैं."

अम्माजी दारात खाटेवर बसल्या होत्या. म्हणाल्या, "बेटा, अब कौन मानता है ये सब? वो मकान-मालिक ही मानता होगा. उसी से पूछो."

अख्ख्या गल्लीत मानणारा एकही नाही, आणि खोली काही मिळेना! अंजली मला म्हणते, "दीदी, छोड़िए, मेरी बस छूट जाएगी." मी रस्त्यात उभी राहून इतकी ओरडले की गाय बाजूला झाली. माणसं नाही झाली.

* * *

मग मला आपली माणसं आठवली. गणपतीत तिला मराठी मंडळात नेलं. तिथल्या एका काकूंची मागची खोली रिकामी होती. काकू म्हणाल्या, "हे असलं सगळं या हिंदीवाल्यांत चालतं हो! आपल्या मराठी माणसांत नाही."

मला इतकं बरं वाटलं! काकू अंजलीकडे वळल्या. "आप लोगों का मूल गाँव कौनसा? कुलदेवता कौनसे?" नाव नाही विचारलं हं, आम्ही सुधारलेले ना! ती काय बोलली ते काकूंनी ऐकलं, मान डोलावली. मग प्रसाद आला. मला वाटीत, चमचा घालून. अंजलीच्या ओंजळीत, वरून.

मी म्हटलं, "काकू, काहून असं?"

"अगं, तिला सवय असेल."

मी माझी वाटी तिथंच पालथी घातली. शिरा सतरंजीवर सांडला, सगळे बघत राहिले. त्यानंतर मंडळाची पायरी चढले नाही. मला कोणी बोलावलंही नाही म्हणा!

* * *

आता हा शेवटचा. आमच्या घरालाही वर एक खोली आहे. जुलैपासून बँकेतला एक पुण्याचा मुलगा राहत होता, म्हणून मी इतके दिवस दुसऱ्यांची दारं वाजवत फिरले. दिवाळी झाली आणि त्याची बदली झाली. मी उडीच मारली! ह्यांना म्हटलं, "अहो, आमच्या शाळेतल्या एका मॅडमना देऊन टाकू." हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "दे ना. तुझंच घर आहे."

शाळा सुटल्यावर तिला घेऊन निघाले. पहिल्यांदाच येत होती आमच्याकडे. वाटेत मी एकटीच बडबडत होते. दोन खिडक्या आहेत, नळ वेगळा आहे, शाळेला सात मिनिटं. आमच्या गल्लीत वळलो तशी ती हळू चालायला लागली. गेटपाशी थांबलीच.

"ये ना गं!" म्हटलं आणि हात धरून आत नेलं. हे व्हरांड्यात होते. तिला पाहून उठले आणि चहा करायला आत गेले. बावीस वर्षांत न सांगता चहा करायची पहिलीच वेळ! मला वाटलं, वा.

मी किल्ली आणून तिच्यासमोर ठेवली. तिनं हात लावला नाही.

"दीदी, ये कमरा मैं देख चुकी हूँ."

"कधी?"

"मई में, इंटरव्यू के बाद. गेट पर बोर्ड लगा था. सर ने खुद ऊपर ले जाकर दिखाया था, चाबी भी दे रहे थे. फिर नाम पूछा."

मे महिन्यात मी अमरावतीला होते, माहेरी. "मग?"

हे ट्रे घेऊन दारात उभे होते. अंजलीनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत राहिली.

"सर ने कहा, हमारी मैडम बहुत पूजा-पाठ वाली हैं. उनको नहीं चलेगा."

आमच्या घरात देवापुढे मी कधी साधी उदबत्ती लावलेली नाही. पूजा हेच करतात.

ह्यांनी ट्रे टेबलावर ठेवला. "घ्या ना," म्हणाले, "चहा थंडा होऊन राहिला."